चार घरी पाणी प्यायलेला माणूस

रस्त्याच्या कडेला ‘विकणे आहे’ अशी चिठ्ठी लावलेली मोटारसायकल दिसली की मला अजूनही आधी हिराजीकाकाचा राग येतो. बाकी सगळं नंतर आठवतं. त्याने माझ्यासाठी काय केलं ते मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. पण त्या दोन महिन्यांत या माणसाने मला जेवढं वैतागून सोडलं तेवढं दुसऱ्या कुणी सोडलं नसेल. आणि नववीत शाळा सुटल्यापासून मी मुकादम, ठेकेदार, सुपरवायझर पुष्कळ पाहिलेत.

पेणजवळच्या गडब गावात, हायवेपासून जरा आत, त्याची तीन खोल्यांची चाळ होती. एका टोकाला काका-काकी, मधल्या खोलीत मी. माझं गाव लांब, हिंगोलीकडे. बायको आणि लहान मुलगी तिकडेच होत्या. मला एक नाव आहे हे काकाला माहीत होतं, पण ते त्याने कधी वापरलं नाही. पहिल्या दिवशी विचारलं, “कुठला?” मी सांगितलं. “म्हंजे घाटावरला,” तो म्हणाला, आणि तेच नाव कायम झालं.

आधी माझं काम वडखळच्या बाजूला होतं, तेव्हा ही खोली सोयीची होती. मग ठेकेदाराने मला रोह्याच्या एका कंपनीत हेल्पर म्हणून टाकलं. सकाळी सातची शिफ्ट. गडबहून नागोठण्यापर्यंत एक टमटम, तिथून भिसे खिंडीतून रोह्याला दुसरी, आणि दोन्ही भरल्याशिवाय हलत नाहीत. रोह्यातल्या खोल्यांचं डिपॉझिट ऐकून मी तो विचार सोडला होता. पहिल्या पंधरवड्यातच दोनदा गेट बंद झाल्यावर पोचलो. सुपरवायझर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, “तिसऱ्यांदा उशीर झाला का पास जमा कर आणि घरी जा.” घरी म्हणजे हिंगोलीला. तिथे काम असतं तर मी इथे आलो कशाला असतो?

म्हणून जुनी मोटारसायकल. आणि गडबमध्ये जुनी गाडी घ्यायची तर एकच रीत होती, आधी हिराजीकाकाला दाखवायची.

काका मेकॅनिक नव्हता. तरुणपणी बापाबरोबर मिठागरात होता, पुढे एका कंपनीत फिटर म्हणून लागला आणि तिथूनच रिटायर झाला. अंगात बाह्यांचा बनियन, खाली खाकी हाफपँट, पायात कंपनीने कधीकाळी दिलेले सेफ्टी शूज, तेही मोज्यांशिवाय. लोक खिशाला पेन लावतात तसा हा स्क्रूड्रायव्हर लावायचा. बनियनला खिसा काकीने शिवून दिला होता. त्याच्या स्वतःच्या दारात मात्र सायकल. गावातल्या निम्म्या गाड्या तपासलेल्या या माणसाने जन्मात एकही गाडी घेतली नव्हती. कारण विचारलं तर म्हणायचा, “पसंत पडली नाय.”

गाडी बघायला निघाला की बरोबर प्लॅस्टिकच्या बाटलीत घरचं पाणी घ्यायचा. गाडीवाल्याच्या घरचं पाणी प्यायचा नाही, चहाचं तर नावच नको. “एकदा कुणाचा चहा प्यालो,” तो सांगायचा, “का मंग त्याच्या गाडीला वाईट बोलायला तोंड उचलत नाय.” गाडी पसंत पडली तरच तो त्या घरी पाणी मागायचा. त्याने पाणी मागितलं म्हणजे व्यवहार पक्का, हे सगळ्या गावाला माहीत. आणि गावात असंही बोललं जायचं, की इतक्या वर्षांत हिराजी चार घरी पाणी प्यायलाय.

“त्यातला एक घर माझ्या बापाचा,” काकी म्हणायची. “मना बघाया आला तवा बी पानी नाय पिला. पाट मांडलेला, तांब्या ठेवलेला, आन हा खांबासारखा बसलेला. माझा बाप घामाघूम झाला. त्याला वाटला, मोडला लगीन.”

“पिलो ना नंतर,” काका म्हणायचा.

“दीड तासानं!”

पहिली गाडी बघायला आम्ही गागोद्याला गेलो. भातशेती करणारा सरळ माणूस, गाडी अंगणात धुऊन पुसून उभी. माझं मन तिथेच बसलं. काकाने गाडीकडे बघितलंही नाही, नुसता इंजिनावर तळहात ठेवला आणि काढून घेतला.

“सकाळी कुठं गेलतास?”

“नाय बा, घरीच हाय.”

“मंग ही तापली कशानं?”

“जरा चालू करून बघितली. पाहुणे येनार म्हनून.”

“बरा केलास,” काका म्हणाला आणि उठला. झालं, संपलं. मी दीड तासाचा प्रवास करून, एक खाडा करून आलो होतो. वाटेत मी दोनदा विचारलं की गरम असली तर बिघडलं काय. तिसऱ्या दिवशी मला न सांगता पहाटेच्या एसटीने तो परत एकटाच गागोद्याला गेला, त्या माणसाला दात घासताना गाठलं आणि थंड गाडीला किक मारायला लावली. संध्याकाळी मी कामावरून आलो तेव्हा म्हणाला, “चौदा किका. आन वर निळा धूर. तुझ्या सातच्या शिफ्टला ती साडेआठला पेटंल.”

मला उपकार वाटायला हवे होते. मला फक्त एवढंच दिसलं, की उद्या पुन्हा टमटम.

दुसरी गाडी रोह्यातच होती, नदीच्या पुलापासून जवळ, एका क्लार्कची. ही काकाने थंड इंजिनावर चालू केली, दुसऱ्या किकला लागली. आवाज साफ, धूर नाही. मी खिशातला विसार चाचपला. तेवढ्यात काकाने बाटली काढली, दोन्ही चाकांवर पाणी ओतलं आणि मला म्हणाला, “नाकासमोर ढकल. हँडल हलवू नको.” सिमेंटच्या अंगणात मी गाडी दहा पावलं ढकलली. मागे दोन ओल्या रेघा उमटल्या, एकमेकींपासून दोन बोटं लांब.

“बघ,” काका म्हणाला. “फुडचा चाक एका गावाला चाललाय, मागचा दुसऱ्या.” मग क्लार्ककडे वळून, अगदी चौकशी केल्यासारखं, “कुठं आपटलेला?”

क्लार्क भडकला. “घ्यायची नसेल तर घेऊ नका, अंगण कशाला ओलं करता?”

“सुकंल,” काका म्हणाला.

तिसरी पेणला. इंजिन थंड, किक एक, रेघ एक. मी देवाचं नाव घेतलं. काकाने कागद मागितले, चष्मा कपाळावर सरकवून ते डोळ्यांजवळ नेले आणि विचारलं, “हा कोन?” विकणाऱ्याने सांगितलं, मामा, तीन वर्षांपूर्वी वारले, गाडी आपलीच, फक्त नाव बदलायचं राहिलंय. काकाने कागद घडी घालून परत केले. परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो. वडखळ गेल्यावर तो म्हणाला, “सही कोन करनार होता? त्याला वरून बोलावला असतास?”

तेव्हा माझा तोल गेला. “काका, तुम्हाला या जगात एक तरी गाडी पसंत पडणार आहे का? माझी नोकरी जायची वेळ आली. तुमचं काय जातंय, तुमची पेन्शन आहे!”

पुढच्या सीटवरची बाई मागे वळून बघायला लागली. काका बाटलीतलं उरलेलं पाणी प्यायला, बूच घट्ट लावलं आणि गडब येईपर्यंत बाटली मांडीवर धरून बसला.

त्यानंतर मी त्याला विचारायचं सोडलं. कंपनीत बरोबर काम करणाऱ्या एकाने खाडीकडच्या त्याच्या गावातली गाडी सांगितली. रविवारी एकटाच गेलो. काकाने शिकवलेलं सगळं केलं. शिकवलेलं म्हणजे, त्याने केलेलं बघून मला कळलेलं. न कळवता गेलो. इंजिनावर हात ठेवला, थंड. किक एक. बाटली नेली होती, चाकं ओली केली, ढकलली, रेघ एक. कागदावर विकणाऱ्याचंच नाव, आणि माणूस जिवंत, समोर उभा. त्याने चहा दिला तो मी मुद्दाम दोन कप प्यायलो. पैसे दिले, कागदांवर सह्या झाल्या, आणि हायवेला लागल्यावर मी मोठ्याने हसलो.

काका ओट्यावर मासळीच्या जाळ्याला गाठी मारत बसला होता. मी मुद्दाम त्याच्यासमोर गाडी उभी केली आणि हॉर्न दिला. तो उठला, एक फेरी मारली, बाटलीतल्या पाण्याने उजव्या हाताचं बोट धुतलं आणि रुमालाला पुसलं. मग खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून हेडलाइटचा स्क्रू सैल केला, काच पुढे ओढली, आतल्या वायरींच्या मागे बोट फिरवलं, आणि ते बोट जिभेवर ठेवलं.

मी बघतच राहिलो. त्याच्या सगळ्या तपासण्यांतली ही शेवटची होती, आणि मला माहीतच नव्हती. आम्ही आधी बघितलेल्या तिन्ही गाड्या तिथवर पोचल्याच नव्हत्या.

तो बाजूला थुंकला. “खारी हाय.”

“म्हणजे?”

“खाडीच्या पान्यात उभी व्हती. बांध फुटला असंल त्यांचा, पानी गावात शिरला असंल. हँडलपरेंत. इचारलास का त्याला?”

“नाही.”

“मंग तो कशाला सांगंल? परत दे.”

मिठागरात त्याचा बाप आगरातलं पाणी जिभेला लावून सांगायचा, की मीठ धरायला अजून किती दिवस. ती जीभ त्याने मुलाला दिली होती. हे मला नंतर काकीने सांगितलं. त्या क्षणी मला दिसला तो एक म्हातारा, ज्याला माझं सुख बघवत नव्हतं. मी म्हणालो, “चालतेय ना? बास.” आणि गाडी खोलीसमोर नेऊन लावली.

“चालंल,” तो मागून म्हणाला. “मीठ मरत नाय. झोपतं.”

आणि गाडी चालली की! एक आठवडा, दुसरा आठवडा. मी पावणेसातला गेटवर. सुपरवायझरने एकदा मान हलवली. सकाळी निघताना काका हायवेच्या तोंडाशी उभा दिसायचा, टॉवेल खांद्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या टेम्पोवाल्यांशी काहीतरी बोलत. म्हातारी माणसं लवकर उठतात, काम नसतं, उभी राहतात. मी हॉर्न वाजवून पुढे जायचो. एकदा म्हटलं, “बसा, नागोठण्याला सोडतो.” तो म्हणाला, “खाऱ्या गाडीवर मी बसायचा नाय.”

अठराव्या दिवशी भिसे खिंडीच्या चढाला गाडी एकदम मेली. खोकली नाही, झटका नाही. लाइट नाही, हॉर्न नाही, काही नाही. हेडलाइटची काच ओढली तर आत वायरींच्या टोकांवर हिरवी पूड. एका वायरला बोट लावलं तर ती मोडून हातात आली. सहा वाजून वीस मिनिटं. मी गाडी ढकलायला लागलो. चढावर. कुठे ढकलतोय हेही कळत नव्हतं. रोहा पुढे आहे एवढंच डोक्यात होतं. मुलीचं नाव शाळेत घालायचं होतं त्या वर्षी. आपली नववी राहिली, तिची राहू द्यायची नव्हती. मी घामाने भिजलो होतो आणि काकाला शिव्या देत होतो. माझी चूक होती, आणि शिव्या त्याला. कारण तो बरोबर होता.

मागून एक टेम्पो आला आणि थांबला. आत पावाच्या लाद्या. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं.

“हिराजीचा घाटावरला तूच ना?”

मी मान हलवली.

“चल, बस लवकर. गाडी त्या टपरीमागं लाव, कोन नेत नाय.” मी ट्रे मांडीवर घेऊन बसलो. तो हसत होता. “रोज सकाळी डोकं खातो तुझा काका. खिंडीत कोन गाडी ढकलत दिसला तर उचल, सातच्या आत गेटवर टाक. मी म्हटलं, काका, रोज सांगतोस, दिसत तर कोन नाय. तर म्हनतो, दिसंल. आज नाय तर उद्या दिसंल.”

म्हणजे तो सकाळी टेम्पोवाल्यांशी हे बोलत उभा असायचा.

सातला एक मिनिट असताना मी आत गेलो. अंगाला ताज्या पावाचा वास येत होता. सुपरवायझरने घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि रजिस्टर पुढे केलं.

त्या रविवारी काकाने गाडी चाळीसमोर उघडी केली. टाकी, सीट, बाजूचे पत्रे, सगळं गोणपाटावर मांडलं. विहिरीचं गोडं पाणी तीनदा फिरवलं, पुसलं, उन्हात ठेवलं. पेणहून ओळखीचा इलेक्ट्रिशियन बोलावून वायरिंग नवं टाकून घेतलं. आणि हे चालू असताना मला बोलणं एवढं, एवढं, की काकी बाहेर येऊन म्हणाली, “पुरे करा की! त्याचं चुकलं. लगीन करून आणल्यासारखी आणलीये त्यानं, आता काय सोडनार?”

“ही परत देता आली असती,” काका म्हणाला. “तुझ्यासारखी नाय.”

त्याला हसताना मी तेव्हाच बघितलं. संध्याकाळी गाडी चालू झाली. मी विचारलं, “आता चांगली झाली?”

“चांगली नाय. चालंल.”

ती अजून चालते. पुढच्या वर्षी ठेकेदाराने मला ऑपरेटरच्या हाताखाली घेतलं, मी रोह्यात खोली केली, बायको-मुलीला आणलं. मुलगी तिथल्या शाळेत जाते. अंगण ओलं करणाऱ्या, एसटी चुकवायला लावणाऱ्या, हो म्हणून न सांगणाऱ्या त्या माणसाला मी दर दोन-तीन महिन्यांनी भेटायला जायचो. दर वेळी तो गाडीभोवती फेरी मारायचा आणि काहीतरी काढायचा. चेन सैल. टायर बोडका. दर वेळी मी चिडून परत यायचो आणि सोमवारी चेन घट्ट करून घ्यायचो.

शेवटचा गेलो तेव्हा तो तापातून उठलेला होता. फार दिवसांचा ताप. निम्मा झाला होता, हातात काठी. काकीने मला दाराआड बोलावून सांगितलं, “त्याच्या तोंडाची चव गेलीय. आमटी आन पानी त्याला एकच. कुनाला सांगत नाय. तू बी बोलू नको.”

आणि नेमकी त्याच दिवशी गावातली सुनंदा आली, अंगणवाडीत काम करणारी. चार वाड्यांवर तिला फिरावं लागायचं, पायी जमत नव्हतं. गल्लीच्या टोकालाच एक जुनी स्कूटर विकायची होती. “काका, बघता ना? तुम्ही हो म्हटल्याशिवाय आमचे हे पैसे काढनार नायत.”

काकाने बाटली उचलली. मी माझी गाडी घेऊन बरोबर गेलो.

सगळं नेहमीसारखं झालं. तळहात, चालू करणं, ओल्या रेघा, कागद. फक्त सावकाश. मग त्याने बोट धुतलं, पुढचा पत्रा सैल केला, आत बोट फिरवलं आणि जिभेवर ठेवलं. आणि तसाच उभा राहिला. थुंकला नाही. परत बोट घातलं, परत जिभेवर. गाडीवाला बघतोय, त्याची बायको दारात, सुनंदा ओढणीचं टोक पिळतेय. तो कशाची वाट बघत होता ते फक्त मला माहीत होतं.

“घाटावरल्या,” त्याने न बघता हाक मारली. मी जवळ गेलो. तो एकदम हळू म्हणाला, “तुझी जीभ दे.”

मी बोट घातलं आणि तोंडात घेतलं. खारट! काकाने बाटली पुढे केली. “आधी बोट धू, येड्या. तुझा घाम हाय तो.”

धुतलं. पुसलं. परत घातलं. धूळ लागली, ग्रीस लागलं, कडवट काहीतरी लागलं. मीठ लागलं नाही. मी तिसऱ्यांदा बघितलं. सुनंदाच्या कामाचा प्रश्न होता आणि माझी जीभ हिंगोलीची. आम्हाला मीठ दुकानात भेटतं.

“गोडी आहे, काका. खारी नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

गाडी बघायचा तसं त्याने मला पायापासून वरपर्यंत बघितलं. मग दारातल्या बाईकडे वळला.

“पानी आन गो, बाय.”

सुनंदाने तोंडावर हात ठेवला. बाईने तांब्या-भांडं आणलं. काका भांडंभर पाणी एका दमात प्यायला, ओठ पुसले आणि म्हणाला, “ब्रेक बदलून घे. सीट फाटलेला हाय. आरशात काय दिसत नाय.” म्हणजे पसंत.

बाहेर आलो. काठी टेकत तो चाळीकडे निघाला. ऊन तापलेलं, पाय थरथरत होते. मी गाडी आडवी घातली. “बसा, काका. पाच मिनिटांचा रस्ता आहे.”

“तिच्यावर?” तो थांबलासुद्धा नाही. “खारी हाय ती.”

“सगळं वायरिंग नवं आहे! तुम्हीच टाकलंत!”

“मीठ झोपतं.”

मला इतका राग आला की किकवर ठेवलेला पाय मी खाली घेतला. तो पुढे, काठी, हाफपँट, ते बिनमोज्यांचे बूट. आणि मागे मी, चांगली चालती गाडी बंद ठेवून, चाळीपर्यंत ढकलत.